नवसाचं टक्कल आणि ॲपचा सेल्फी

पदवी मिळाली त्याच आठवड्यात मला ओळखायला नकार मिळाला. नकार दिला तो मी ज्याच्यासाठी जेवणाची पार्सलं पोचवायचो त्या ॲपने.

आई नवस बोलली होती, मुलगा बी.कॉम. झाला की देवीला त्याचे केस. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं, त्यामुळे नवसात कसर ठेवायची नव्हती. रविवारी कळमेश्वरजवळच्या आमच्या गावी न्हाव्याने डोकं साफ केलं, आणि वस्तरा चालूच होता म्हणून मिशीही. आई आनंदाने रडली. मी तिच्या पाया पडलो आणि सोमवारी सकाळी शहरात, लकडगंजातल्या आम्हा रायडरांच्या नेहमीच्या हॉटेलाबाहेर हजर झालो.

काम सुरू करण्याआधी ॲपला सेल्फी द्यावा लागतो. तीन वेळा चेहरा जुळला नाही की आयडी बंद. मग नव्याने नाव नोंदवा आणि मिळेल ती वेळ घ्या. मला दोन वर्षांनी कुठे दिवसाची पाळी मिळाली होती आणि संध्याकाळी वाचनालयात बसून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करता येत होता. ती पाळी गेली असती तर अभ्यासही गेला असता.

पहिल्या सेल्फीत मी पदवीधराला शोभेल असं हसलो. चेहरा जुळला नाही.

आमच्यातले सगळ्यात जुने रायडर, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांनी मला निरखून पाहिलं. "तुही मिशीच नाही ना बे. त्याले कसं समजन?" असं म्हणून त्यांनी हॉटेलवाल्याकडून पार्सलवर नंबर टाकायचा मार्कर आणला आणि मला मिशी काढली. एक बाजू जरा वर गेली. दुसरा सेल्फीही नापास झाला. मार्कर पक्का होता, मिशी पुसली जाईना.

एकच संधी उरली होती. माझ्या फोनला हात लावायची भीती वाटत होती, म्हणून मामांच्या फोनवरून आईला सगळं सांगितलं.

"त्याले सांगून पाय ना गा, देवीले केस देले म्हणून."

मी समजावलं की ते ऐकत नाही, फक्त जुन्या फोटोशी ताडून पाहतं. कोणता फोटो, तिने विचारलं. नोकरी धरली त्या दिवशी अंगणात काढलेला, मी म्हणालो.

"मंग हसून काहून राहिला? त्या दिवशी तर तू तोंड फुगवून बसला होता. मी बोलून राहिली होती तुले."

खरं होतं. त्या दिवशी मी पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली होती. तो विषय निघाला आणि आई पुन्हा सुरू झाली. गाडीवरून ती दुसऱ्या वर्षी राहिलेल्या पेपरवर गेली आणि तिथून मावसबहिणीच्या लग्नावर, जिथे मी वाढायचं सोडून मंडपामागे झोपलो होतो. माझं तोंड आपोआप उतरलं. मामांनी आपला फोन स्पीकरवर ठेवला, माझा माझ्यासमोर धरला आणि हलू नको म्हणाले.

हिरवी खूण आली. पाठोपाठ ऑर्डरही आली.

मी तिरप्या मिशीनिशी पार्सल घेऊन निघालो. वळून पाहिलं तर मामा फोन कानाला लावून, मान खाली घालून उभे होते. आईला थांबवायचं राहूनच गेलं होतं. ते म्हणत होते, "हो वहिनी. चुकलंच वहिनी. आता नाही झोपणार."