गालिहचे पाय जमिनीला लागले

बू पोनियेमला मागे बसवून मोटारसायकल चालवणं म्हणजे डोक्याला ताप. वजनाचं म्हणत नाही मी, वजनाला ती मूठभर आहे. तिच्या तोंडाचं म्हणतेय. भाताच्या खाचरांमधून गाडी चालली की मागून एकसारखं सुरू: "खड्डा आला. ती बदकं बघ. अगं, हॉर्न काय शोभेला आहे का?" अकरा वर्षं ऐकतेय. थोर बाईला आमच्याकडे बू म्हणतात, म्हणजे आई, म्हणून मान द्यायचा. माझं शिवणकाम अर्धवट, पेट्रोल माझं, वर बोलणीही मीच खायची. तरी तिची हाक आली की मी चप्पल शोधायला लागते.

ती तेम्पे करते. सोयाबीन शिजवून, आंबवून, केळीच्या पानात बांधून पहाटे क्लातेनच्या बाजारात देते आणि दुपारी मोकळी होते. मग सुईणीकडून कळलं, की अमक्या गावात एक बाळ आहे, त्याला दिसत नाही, की ही निघाली. तिला कुणी नेमलेलं नाही आणि कुणी बोलावतही नाही. पहिल्या दिवशी तर बऱ्याच घरांत दारातूनच वाटेला लावतात. ती दुसऱ्या दिवशी तेम्प्याची पुडी घेऊन पुन्हा हजर.

आत गेली की ती बाळाला उचलत नाही, हळहळतही नाही. चहा मागते, कोपऱ्यात बसते आणि बाळाच्या हातांकडे बघत राहते. "ज्याला दिसत नाही त्याचा चेहरा फार बोलत नाही," ती आयांना सांगते. "बोलतात ते हात. आणि आपण सगळ्या बसतो चेहरा धरून!"

हे तिला कुणी शाळेत शिकवलं नाही. तिचा जुमादी जन्मापासून आंधळा. आज तो सोलो शहरात रेडिओ आणि भोंगे दुरुस्त करतो, बायकोशी भांडतो, आईला फोनवर दमात घेतो. पण चार वर्षांचा होईपर्यंत तिनं त्याला झोळीतून खाली ठेवलं नव्हतं. का, तर दया. त्याहून वाईट म्हणजे तिला वाटायचं, आपण पोराला आवडत नाही. ती बोलायला लागली की तो गप्प व्हायचा, तोंड फिरवायचा. मग ती त्याला झोळीसकट आपल्या आईकडे देऊन शेतावर निघून जायची. शेवटी शेजारगावच्या एका आंधळ्या मालीशवाल्यानं तिला झापलं: "बाई, मलाही नीट ऐकायचं असलं की मी गप्पच होतो. तो तोंड फिरवत नाही, तुझ्याकडे कान करतो!"

ही गोष्ट ती प्रत्येक घरात सांगते, स्वतःला जराही न वाचवता. आपलं काय जमलं ते सगळेच सांगतात. आपण पोराशी काय चुकीचं वागलो ते परक्याच्या ओसरीवर बसून सांगायला छाती लागते. माझ्यात ती नाही. म्हणून मी तिच्यावर कितीही करवादले तरी मनातून तिला मानते.

गेल्या वर्षी आम्ही विदुरीकडे जायला लागलो. विदुरी तेवीस वर्षांची, नवरा वाळूच्या ट्रकवर, घरात सासू तुकिनाह, जिला सगळे म्बाह म्हणजे आजी म्हणतात, आणि चौदा महिन्यांचा गालिह. फार लवकर जन्मलेला, काचेच्या पेटीत वाढलेला, डोळे गेलेला. आमच्याकडे सातव्या महिन्याचा विधी होईपर्यंत बाळाचे पाय जमिनीला लावत नाहीत. या घरात तो विधीच झाला नव्हता. लोक जमतील, बघतील, कुजबुजतील, म्हणून म्हातारीनं आज-उद्या करत सात महिने काढले. तोवर पोर झोळीतच. धड बसताही येत नव्हतं.

आणि विदुरी तैवानला निघाली होती, घरकामाला. एजंट कागद घेऊन पुढच्याच महिन्यात यायचा होता.

"जा की," बू पोनियेम म्हणाली. "कितीतरी जणी जातात. पण मन लावून जातेयस की पळून?"

विदुरी आधी चिडली, मग रडली. "तो मला ओळखतच नाही, बू. म्बाहकडे हसतो. मी जवळ गेले की गप्प. तोंड फिरवतो. इथे राहून तरी मी त्याची कोण? पैसे तरी पाठवीन."

बू पोनियेमनं जुमादीची गोष्ट सांगितली. विदुरीनं ऐकली, पण पटली नाही. "तुमचा तुम्हाला ओळखत असेल," एवढंच म्हणाली.

मग बू पोनियेम विधीच्या मागे लागली. म्हातारी उसळली. "सात रंगांच्या भातावरून चालवायचं त्याला? त्याला कसले रंग दिसणार?"

"म्हणजे बाकीची पोरं पायांनी रंग बघतात वाटतं?" बू पोनियेम म्हणाली. "म्बाह, तुमची लाज सांभाळायला पोराचे पाय टांगून ठेवलेत तुम्ही. आता उतरवा."

म्हातारी दोन आठवडे तिच्याशी बोलली नाही. आम्ही जातच राहिलो. गालिहला गादीवर उशीच्या आधारानं बसवायचं, हातात करवंटीची पळी द्यायची, खडे घातलेला डबा शेजारी वाजवायचा. तो डबा पकडायचा नाही. हातात दिला तर धरायचा, पडला की त्याच्या लेखी डबा संपला. बू पोनियेम म्हणाली, "आवाज आला तिकडे काहीतरी आहे, हे अजून त्याला कळलेलं नाही. ज्या दिवशी आवाजाकडे हात जाईल, त्या दिवशी रांगायची सुरुवात झाली समज."

शेवटी म्हातारी नमली. विधीच्या दिवशी गल्लीतली सगळी माणसं आली, न बोलावलेलीही. सात रंगांच्या चिकट भातावर गालिहचा पाय ठेवला तेव्हा त्यानं टाहो फोडला, बोटं आवळली. मग पाय दाबून पाहिला. पुन्हा दाबला. बायका हसल्या. उसाच्या शिडीवर त्याला चढवलं, उतरवलं आणि मग कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली बसवलं. आत वस्तू मांडलेल्या: कंगवा, वही, तांदूळ, चिल्लर, जपमाळ. पोर जे उचलेल ते त्याचं नशीब. मागून फटीतून हात घालून म्बाह तुकिनाहनं त्याची पाठ धरली होती.

मी बघितलं, तर त्याच्या अगदी उजव्या हाताशी मालीशच्या तेलाची बाटली.

"ही कुणी ठेवली?" बू पोनियेमनं विचारलं.

"मी," म्हातारी म्हणाली. "आंधळ्याला दुसरं काय येणार? निदान पोट भरेल."

"चौदा महिन्यांच्या पोराला कामाला लावलंत!" बू पोनियेम इतक्या मोठ्यानं म्हणाली की पाहुण्यांचे चहाचे पेले थांबले.

गालिह हललाच नाही. मान एका बाजूला, हात मांडीवर. एक मिनिट गेलं, दोन गेली. मागे कुणीतरी म्हणालं, बिचारा. विदुरीला ते सोसलं नाही. ती उठून सैपाकघरात गेली. बू पोनियेम तिला थांबवायला उठलीसुद्धा नाही. तिची नजर पोराच्या बोटांवर होती.

गालिहचा हात बाटलीवर पडला. "घेतली! घेतली!" म्हातारी म्हणाली.

तेवढ्यात आतून विदुरीचा आवाज आला, रडून बसलेला: "म्बाह, साखर कुठे ठेवलीय?"

बाटली कलंडली. गालिहनं मान वळवली, चेहरा भिंतीकडे आणि कान सैपाकघराकडे. आणि त्याचा हात पुढे गेला. डालग्याच्या फटीतून कोपरापर्यंत बाहेर, बोटं उघडी, सैपाकघराच्या दिशेनं.

"विदुरी!" बू पोनियेम ओरडली. "बाहेर ये! बोलत बोलत ये!"

विदुरी घाबरून बाहेर आली. "काय झालं? पडला का?" हात तिच्याकडे वळला. बू पोनियेमनं तिला खांद्याला धरून डालग्याच्या पलीकडे नेलं. "आता बोल."

"काय बोलू?"

पोराचा हात आत गेला, चाचपडला आणि त्या बाजूच्या फटीतून बाहेर आला.

विदुरी स्वतःच तिसरीकडे गेली. "गालिह." हात आला. चौथीकडे गेली. पाहुणे उठून तिला वाट देत होते. म्हातारी डालगं उचलायला गेली, तर बू पोनियेमनं तिचं मनगट धरलं. "फिरू दे तिला, म्बाह. तिची खात्री होऊ दे."

कितीदा फिरली कोण जाणे. शेवटी धपकन खाली बसली, डालगं तिनंच बाजूला केलं आणि बू पोनियेमवर खेकसली, "आता मी कशी जाऊ? सांगा ना, बू! आता कशी जाऊ?"

"मला काय विचारतेस? त्याला विचार."

विदुरीनं तोंड त्याच्याजवळ नेलं. "गालिह, मी जा..." एवढंच म्हणाली. पुढचं तिला म्हणता आलं नाही, कारण त्यानं तिचा खालचा ओठ चिमटीत घट्ट धरला होता आणि तो काही सोडत नव्हता.