वांग्याचा पत्ता

माणसं सापाला भितात, पोलिसाला भितात. जानेफळचे माझे मावसाजी फक्त अनोळखी भाजीला भीत. ज्याचं वावर आपण पाहिलं नाही, त्याचा घास गिळायचा नाही, हा त्यांचा नेम. ट्रकमधून आलेल्या चकचकीत टोमॅटोकडे ते संशयिताकडे पाहावं तसे पाहत. म्हणत, "यानं रस्त्यात काय काय पाह्यलं, कोणाले ठाऊक!" त्यांची ज्वारी घरची, तूरडाळ शेजारच्या वावरातली, भाजी सकाळी खुडून दुपारी ताटात. ताज्या मेथीची चव निराळी, आणि फवारणी केली असेल तर बांधावर जाऊन मालकाला विचारता येतं, हे ते इतकं रंगून सांगत की ताटातली मेथी गार होई. लोणारच्या एका लग्नात ते भर पंगतीतून उठून आचाऱ्याकडे निघाले. पाहुणे रुसले असं समजून नवरीचा बाप हात जोडत मागे धावला. "रुसलो नाई हो, वांग्याचा पत्ता इचारून राह्यलो!" मावशीने पदरात तोंड लपवलं.

आम्ही हसायचो. मागच्या हिवाळ्यात त्यांना पोटाच्या ऑपरेशनसाठी शहरातल्या दवाखान्यात न्यावं लागलं आणि ते हसू आटलं. घरून नेलेल्या भाकरी संपल्या. दवाखान्याच्या ताटाला ते हात लावेनात. डॉक्टर म्हणाले, अंगात ताकद आल्याशिवाय ऑपरेशन करता येणार नाही, आणि फार थांबताही येणार नाही. मी खाटेशी बसून त्यांच्या मनगटाकडे बघत राही. ते रोज बारीक होत चाललं होतं.

"मावसाजी, दोन घास तरी."

"मले भेव लागते, बापू."

हे ते इतकं हळू म्हणाले की मी ताट खाटेखाली सरकवलं.

शेजारच्या खाटेवर खानदेशातले एक म्हातारे शेतकरी होते. त्यांच्या सुनेने कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी आणली, तशी मावसाजींनी चौकशी मांडली. जमीन कशी, विहिरीला पाणी किती, शेणखत टाकता का, बैलांची नावं काय. म्हातारे वैतागले. "भाऊ, भाकर खायची का सोयरीक जमवायची?" दुपार टळेपर्यंत मावसाजी डोळे मिटून ते सगळं शेत हिंडून आले. मग त्यांनी हात पुढे केला. "द्या. आता तुमचं गाव माह्या शेजारचं झालं." त्या दिवसापासून दोघांचा डबा एक झाला. मनगट भरलं नाही, पण बारीक होत जायचं थांबलं, आणि डॉक्टरांनी होकार दिला.

ऑपरेशनच्या सकाळी पोटात काही जाऊ द्यायचं नव्हतं. स्ट्रेचरवरून ते म्हणाले, "भूक लागून राह्यली, बापू. भाकर ठेवजो माह्यासाठी."

म्हाताऱ्यांच्या सुनेने भाकरी फडक्यात बांधून दिली. ती मांडीवर घेऊन मी बंद दारासमोर बसलो. डॉक्टर बाहेर आले आणि त्यांना वाचवता आलं नाही म्हणत माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले, तेव्हा भाकरी अजून मऊ होती.