बोथट टोकांचा गळ

खाडीकाठच्या रिसॉर्टमध्ये भिंतीवर एक लोखंडी गळ ठोकून बसवला होता. खाली पाटी होती, देवमासा मारण्याचं पुरातन हत्यार. ती वाचली आणि माझं डोकंच फिरलं. पुरातन कसलं डोंबलाचं! वडिलांनी तो घडवला तेव्हा भाता मी ओढत होते. आणि आमच्या गावात देवमासा कुणी मारल्याचं मी आजवर ऐकलेलं नाही.

वडील गावचे लोहार. होड्यांचे नांगर, कोयते, विळे सगळे त्यांच्या हातचे. काका खाडीत बुडाला आणि सापडलाच नाही, त्यानंतर त्यांनी हा गळ केला. ट्रकच्या स्प्रिंगमधल्या जुन्या पाट्याचं पोलाद, चार आकडे, वर दोर ओवायला कडी. धार लावण्यात सगळी हयात गेलेल्या त्या माणसाने चारही टोकं कानशीने घासून बोथट केली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "कपड्यात अडाकला पायजे. मानसाला लागता नये."

गळ भट्टीच्या दाराबाहेर खुंटीला असायचा. कुणी बुडालं की न विचारता न्यायचा, होडीतून दोराने तळाशी फिरवून प्रेत शोधायचं, परत आणताना धुऊन, तेल लावून आणायचा. मोहल्ल्यातले नेत, आमच्या वाडीतले नेत. निदान माती देता यावी, अग्नी देता यावा, एवढ्यासाठी तो होता.

वडील गेले, भट्टी विझली आणि भावाने गळ रिसॉर्टवाल्याला देऊन टाकला. जाब विचारला तर म्हणे, "गंजत पडला व्हता गो ताय. तितं लोकं बगतात तरी." मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

गेल्या महिन्यात त्याच रिसॉर्टचा एक पाहुणा, तरणाताठा मुलगा, ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी पोहायला उतरला आणि ओढला गेला. होड्या निघाल्या. होडी चालवणारा एक म्हातारा तांडेल आमच्या दारी आला. रिकाम्या खुंटीकडे बघून म्हणाला, "गल कुटं हाय?"

मी पायात चपला सरकवल्या. तडक रिसॉर्ट गाठलं. मॅनेजर म्हणाला, "काकू, सरांना विचारल्याशिवाय नाही काढता येणार. अँटिक आहे." त्या मुलाचे वडील तिथेच, गळाखालच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर मुलाचा टॉवेल. मी मॅनेजरला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढ्यात मागून भाऊ आला, हातात पहार घेऊन. माझ्याकडे न बघता त्याने ती भिंतीत घातली.

संध्याकाळी मुलगा सापडला. गळ शर्टाच्या कॉलरमध्ये अडकला होता. अंगावर गळाचा एक ओरखडा नव्हता.

आता मालकाचा माणूस निरोप घेऊन आलाय. भिंत दुरुस्त केलीय, वस्तू परत द्या. मी त्याला दारातच उभा केला आणि खुंटीवरचा गळ दाखवला. म्हटलं, तुझ्या सरांना सांग, बुडालेलं माणूस शोधायचं असेल तेव्हा यायचं. तेव्हा विचारायचीसुद्धा गरज नाही.