पोटात बसवलेली मेंढरं

निरगुडसरला कांदा निघाला की आमच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात. यंदा मेंढरांबरोबर आलेल्या बाईंचं नाव मी विचारलंच नाही. बोलताना त्या कोकराच्या कानामागे खाजवत राहायच्या आणि पदर तोंडावर न घेता मोकळं हसायच्या.

"भाऊ, तुमी रोज बांधावरनंच का बोलता?"

मला लोकरीची ॲलर्जी आहे, दमाही आहे, हे सांगितलं आणि वर थोडं शहाणपण पाजळलं. "डॉक्टर म्हणतात, लहानपणी पोटात ठरावीक जंतू असले तर दमा, ॲलर्जी कमी होत असावी. अजून नक्की नाही म्हणा. मला तर आईनं मातीत खेळूच दिलं नाही."

त्यांनी जंतूचं जंत ऐकलं. "जंत चांगलं व्हय? आन् आमी जंत पडाया पोरास्नी वावडिंग पाजतो."

जंत वेगळे, जंतू वेगळे. हे डोळ्यांना दिसत नाहीत, पण पोटात राहून उपयोगी पडतात, असं मी समजावलं. त्यांनी रानात बसलेल्या मेंढरांकडे पाहिलं.

"म्हंजे पोटात मेंढरं बसवायची. आन् तुमच्या आईनं रान रिकामंच ठिवलं."

मी इतका हसलो की धाप लागली, खिशातला दम्याचा पंप काढावा लागला. त्यांनी घाईनं मेंढरं पार पलीकडच्या बांधाला हाकलली आणि तिथून ओरडल्या, "आदी ही लांब नेते, मंग तुमच्या पोटातली बघू."

ताकातही असे जंतू असतात म्हणे; उपयोग होतो की नाही, देव जाणे. पण हल्ली ताक प्यालो की वाटतं, आत कुणीतरी मेंढरं घेऊन उतरलंय.