ओढ्यातले चपटे, नदीतले गरगरीत

व्हर्ना स्टिडमचे आजोबा खाणीत, वडील खाणीत. तिला मात्र अंधाराचं वावडं. लहानपणी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून ती क्लिंच नदीत दिवसभर शिंपले चाचपडायची. पुढे शिकून नदीकाठच्याच शिंपल्यांच्या पैदास केंद्रात ती डीएनए तपासायला लागली.

त्या वर्षी केंद्रप्रमुख हॉबार्ट मलिन्सची झोप उडाली होती. डोंगरातल्या एका ओढ्यातले चपटे शिंपले म्हातारे झाले होते, आणि उरले होते ते सगळे नर. माद्या आणायच्या कुठून? नदीतले शिंपले जाड, गरगरीत. त्यांची जात वेगळी असं सगळेच धरून चालले होते. शेजारच्या ओढ्यात मात्र हुबेहूब तसेच चपटे होते. हॉबार्टने ते आणायचं ठरवलं.

"थांब जरा," व्हर्ना म्हणाली. "आधी नातं तपासू दे. नदीतल्यांचंही."

"अगं, डोळे आहेत ना तुला? एका साच्यातले आहेत!"

"तू आणि तुझा मेव्हणाही तसेच. तेच टक्कल, तेच पोट. म्हणून काय एका आईचे झालात?"

हॉबार्ट खो खो हसला. "कर बाई, काय करायचं ते."

तिन्ही ठिकाणच्या शिंपल्यांच्या कवचाबाहेर येणाऱ्या मांसल पायांवरून तिने कापसाचा बोळा अलगद फिरवला. डीएनएची अक्षरं जुळवून पाहिली. जितकी जास्त जुळतील, तितकं नातं जवळचं. वंशवृक्ष उमटला तेव्हा तीही चमकली. ओढ्यातले चपटे आणि नदीतले गरगरीत एकाच फांदीवर होते, आणि शेजारचे जुळे कुठच्या कुठे, परक्या फांदीवर.

"नमुने अदलाबदल झाले असतील," हॉबार्ट म्हणाला.

"मग नवे तूच आण."

त्याने स्वतः पाण्यात उतरून आणले. उत्तर तेच आलं.

"म्हणजे पाणी जसं, तसा आकार घेतात लेकाचे!" त्याने तिच्या पाठीवर थाप मारली. "चल, नदीतल्या माद्या काढू."

ओढ्यातल्या म्हाताऱ्या नरांपासून त्या माद्यांना पिल्लं झाली; शिंपल्यांच्या रीतीप्रमाणे ती आधी केंद्रातल्या माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढली, मग ओढ्यात सोडली. काही वर्षांनी दोघं तिथे वाळू चाळायला गेले. व्हर्नाच्या तळहातावर नखाएवढा शिंपला आला. गरगरीत आईचं पोर, आणि पार चपटं.

"हॉबार्ट, इकडे ये!"

तो धडपडत आला, पाहिलं, आणि तिच्या शेजारीच पाण्यात बसला. जेवणासाठी आणलेला मक्याचा पाव डब्यात तसाच राहिला. संध्याकाळपर्यंत दोघं आणखी शोधत होते, आणि सापडत होते.