तीनदा मोजलेला आकडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आज सांगतोय, ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — तसलं हलकं मन मला नकोच आहे.

परभणीत कॅन्सरच्या दवाखान्यात किरणांचं माप घेणं हे माझं काम. डॉक्टर मात्रा ठरवतात, यंत्रातून तेवढीच बाहेर पडते की नाही ते मी बघतो. बघतो म्हणे!

नवं यंत्र आलं. मेंदूतल्या बारीक गाठीवर तुरीच्या दाण्याएवढा झोत सोडणारं. त्या झोताचा जोर मी पाण्याच्या टाकीत मोजला, आमच्या नेहमीच्या मापकाने. त्याची किरण टिपणारी पोकळीच झोतापेक्षा मोठी — काही भाग किरणांबाहेर राहिला, तर आकडा कमीच येणार ना? हे मला माहीत नव्हतं? मी तर ते विद्यार्थ्यांना शिकवलेलं होतं.

आमच्या जुन्या टेक्निशियन कांबळेबाई म्हणाल्यासुद्धा, "सर, आकडा लय कमी वाटायलाय. छोटा मापक मागवायचा का?"

मी खेकसलो — तीनदा मोजलंय! चुकीच्या मापकाने तीनदा मोजलं तर चूकच तीनदा येते. पण उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या, आणि मला त्या दिवशी शहाणा दिसायचं होतं. संताप येतो त्या माणसाचा.

झोत कमजोर आहे असं मी संगणकाला सांगितलं, म्हणून यंत्राने किरण जास्त दिले. महिनाभराने, उद्घाटन उरकल्यावर मागवलेला छोटा मापक आला आणि खरा आकडा कळला. मी गुपचूप तो बदलला, वहीत लिहिलं — 'नेहमीची दुरुस्ती'. तोवर त्या झोतावर एकच पेशंट झाली होती. जिंतूरच्या मालनबाई, ब्लाऊज शिवून घर चालवणाऱ्या. गाठ उजव्या डोळ्याच्या नसेजवळ.

तेव्हाच डॉक्टरांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. का? नोकरी, अब्रू — दुसरं काय असणार?

वर्षाच्या आत त्यांचा उजवा डोळा गेला. मला भेटायला आल्या. "सुई ओवता येईना, सर. मशीन विकून टाकली. पण तुमी लय केलं माझ्यासाठी. डोळा कशानं गेला हो?"

विचारलं होतं त्यांनी. सरळ मलाच विचारलं होतं. आणि मी — मी म्हणालो, "गाठीनंच खाल्ला, ताई."

गाठ कणभरही वाढलेली नव्हती. डोळा मी घालवला होता.

अजूनही दर सहा महिन्यांनी त्या एसटीने येतात, डावा डोळा तपासून घ्यायला. गाठ त्यालाही खाईल, या धास्तीने. ती धास्ती मी दिलेली आहे. मी समोर दिसलो की बाकावरून उठून हात जोडतात.

मीही जोडतो.