मादामचे मार्बलचे खांब

जुन्या इमारतींच्या तपासणीला गेलं की धूळ आणि किस्से दोन्ही अंगाला चिकटतात. धूळ निदान आंघोळीला जाते. कॅनडातल्या विंडसरजवळच्या एका फ्रेंच खेड्यातलं चर्च तपासायला मी आणि मेश्राम, आमच्या ऑफिसातला नागपूरचा इंजिनिअर, महिनाभर जात होतो. पाया वजन पेलत नाही असं निघालं, तर चर्च कायमचं बंद होणार होतं.

*

पहिल्या दिवशी जीपीएसने रस्त्यालगतच्या दाराशी आणून सोडलं. थंडीत दहा मिनिटं दार ठोठावलं. ते मागचं दार निघालं! पूर्वी लोक होड्यांतून यायचे, म्हणून दर्शनी दार नदीकडे. चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या ऐंशी वर्षांच्या मादाम म्हणाल्या, "चर्च बरोबर आहे. रस्ता नंतर आला."

*

आत शिरताना आम्ही बूट काढले. मेश्रामला विहाराची सवय, मला देवळाची. मादामनी नुसतं पाहिलं. पुढच्या आठवड्यात छप्पर दुरुस्त करणारे आले, तर त्यांनाही बाईंनी बूट काढायला लावले. "इंजिनिअर काढतात," एवढंच कारण. ती माणसं दिवसभर आमच्याकडे कशी बघत होती, ते सांगत नाही.

*

आत मार्बलचे आठ भव्य खांब. मी हिशेबात त्यांचं वजन धरलं आणि पाया नापास झाला. माझ्या सहीने चर्चला कुलूप लागणार! दोन दिवस जेवण गोड लागेना. मग मेश्रामने सहज एका खांबावर टिचकी मारली.

"पोकळ वाजून राहिला ना यार!"

आत लाकूड, वर मार्बलसारखा रंग. वीस वर्षांचा अनुभव असून मी नुसतं बघून मार्बल लिहिलं होतं. नव्या वजनाने पाया आरामात पास झाला.

*

ही बातमी सांगायला धावत गेलो, तर मादामचा चेहराच उतरला. खांब त्यांच्या आजोबांनी रंगवले होते. त्यांनी माझा हात धरला.

"गावाला ते मार्बलच वाटतात. सभेत सांगू नका."

रिपोर्टमध्ये मी लाकूडच लिहिलं. गावच्या सभेत मात्र खांब अपेक्षेपेक्षा हलके निघाले, चर्च सुरक्षित आहे, एवढंच बोललो. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत मादाम डोळे पुसत होत्या. मलाही भरून आलं.

सभा संपल्यावर गावातला म्हातारा सुतार जवळ आला. आजूबाजूला बघून हळूच म्हणाला, "लाकूड निघालं ना? आम्हा सगळ्यांना लहानपणापासून माहीत आहे. मादामना मात्र कळू देऊ नका."